सुप्याच्या पाण्यावर एक दिवस



बेळगावहून खानापूर, लोंढा करत अनमोड घाटातून गोव्याला गेलेल्या प्रत्येकानं रामनगर पाहिलेलं असतं. पाहिलेलं म्हणजे गाडीच्या खिडकीतून. चहाच्या टपऱ्या, दोन-चार हॉटेलं, जोयडा-दांडेलीकडे वळणारा रस्ता, आणि मग गाडी घाटाच्या दिशेनं लागते. सह्याद्रीच्या कुशीतलं जुनं गाव ओढ्याच्या आणि देवळाच्या कलानं वाढतं, वाकडंतिकडं. रामनगरात तुम्ही आतल्या बाजूला गेलात तर प्लॉट पाडलेले दिसतील. घरं एका ओळीत. कारण हे गाव वाढलं नाही, वसवलं. काळी नदीवर सुप्याला धरण झालं, त्यात ज्यांची घरंदारं गेली त्यातली बरीच माणसं इथं आली. ही माझी सासुरवाडी. खरं म्हणजे दुसरी सासुरवाडी. पहिली पाण्याखाली आहे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं त्या पाण्यावर मोटारबोटीनं एक अख्खा दिवस फिरलो. माझं वय चौऱ्याहत्तर, हिचं सत्तर. फोटो मुलीनं घरच्या ग्रुपवर टाकले, तेव्हापासून सगळे विचारतात, "काका, कुठलं हो हे लोकेशन?" म्हणून म्हटलं एकदा सविस्तरच लिहावं.

सुपा हे पूर्वी तालुक्याचं गाव. कचेरी, शाळा, बाजार सगळं तिथं. आता तालुका जोयडा, पण माझ्या वयाची माणसं अजून सुपा तालुकाच म्हणतात. 1956 पर्यंत हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळं हिच्या माहेरी घरात मराठी, शेजारी कोकणी आणि कचेरीत कानडी असा कारभार. काळी आणि पांढरी या दोन नद्यांचा संगम सुप्याला होता. आपल्याकडे गावाच्या जमिनीलाही हेच दोन शब्द आहेत बघा. पिकाची ती काळी, घरांची ती पांढरी. माझे सासरे, आप्पा, नेहमी म्हणायचे, "जावईबापू, आमची काळी पण गेली, पांढरी पण गेली. नद्या गेल्या, नुसतं पाणी राहिलं."

धरण पूर्ण झालं 1987 साली. उंची 101 मीटर, लांबी 332 मीटर. म्हणजे भिंत तशी आखूड, दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या जागेत बसवलेली. पण तिच्यामागं पाणी किती? जवळपास 145 टीएमसी. आपल्या कोयनेचं 105 आहे, त्यावरून अंदाज घ्या. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे ते 100 मेगावॅटचं. पण या धरणाचं मोठं काम साठवणीचं. पावसाळ्याचं पाणी धरून ठेवायचं आणि बेतानं खाली सोडायचं. तेच पाणी पुढं नागझरीच्या मोठ्या वीजघराला, मग कोडसळ्ळीला, मग कद्र्याला, आणि शेवटी कारवारजवळ सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला. सगळी मिळून 184 किलोमीटरची नदी, आणि तिच्याकडून एवढं काम करून घेतात. बँकेच्या भाषेत सांगायचं तर सुपा ही मुदत ठेव आहे, बाकीची वीजघरं तिच्या व्याजावर चालतात.

आमचं लग्न मे 1977 मध्ये झालं. मांडव हिच्या घरच्या अंगणातच होता. सुप्यापासून चालत तासाभरावरची वाडी, पांढरी नदीच्या अंगाला. वऱ्हाड बेळगावहून एसटीनं सुप्यापर्यंत आणि पुढं बैलगाडीनं. माझे एक मामा गाडीतून उतरल्यावर म्हणाले, "अरे, ही मुलगी आणायला गेलोय की वनवासाला?" त्यांना दुपारी फणसाचे गरे आणि तांदळाची खीर मिळाल्यावर मात्र ते तिथं आणखी दोन दिवस राहिले. पुढं दिवाळसण, एक बारसं, एक गणपती असं मिळून मी त्या घरात चारदा गेलो. त्यानंतर ते घर उतरवलं. उतरवलं हाच शब्द. कौलं, वासे, दारं, चौकटी सगळं काढून ट्रकमधून रामनगरला नेलं. भिंती मातीच्या, त्या तिथंच राहिल्या.

नुकसानभरपाईचा कागद घेऊन आप्पा माझ्याकडे बेळगावला आले होते, तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बँकेत काउंटरच्या आत बसवलं, चहा दिला. कागदात जमिनीची किंमत, घराची किंमत, झाडांची किंमत. फणस इतके, आंबे इतके, माड इतके, मोजून लिहिलेले. आणि सगळ्याच्या खाली एक रक्कम, पंधरा टक्के, 'सोलेशियम'. आप्पांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, सरकार जमीन सक्तीनं घेतं, म्हणून किमतीवर थोडं जास्त देतं, सांत्वन म्हणून. ते हसले. म्हणाले, "म्हणजे रडणाऱ्या पोराच्या हातावर गूळ." पुढं 1984 साली कायद्यात बदल होऊन ते तीस टक्के झालं, पण आमचं प्रकरण त्याआधीचं. मी त्यांना पाच वर्षांच्या वरची ठेव करून दिली. तेव्हा दहा टक्के व्याज मिळायचं, आजच्या मानानं भरपूरच. व्याज घ्यायला ते दर तीन महिन्यांनी स्वच्छ धोतर नेसून यायचे, आणि प्रत्येक वेळी पावती हातात घेऊन म्हणायचे, "याला राखण नको, कुंपण नको. चांगलंय." पण आवाजात काही चांगलं वाटल्यासारखं नसायचं.

रामनगरच्या घराला त्यांनी जुनीच चौकट बसवली. सागवानी, वरच्या पट्टीवर मधोमध गणपती कोरलेला. फक्त जुन्या घराचं दार पूर्वेला होतं, आणि नव्या प्लॉटचा रस्ता पश्चिमेला. त्यामुळं संध्याकाळी ओसरीवर बसलं की ऊन सरळ डोळ्यांत. आप्पा पुढं पंधरा-सोळा वर्षं जगले, पण त्या ओसरीवर संध्याकाळचे कधी बसले नाहीत. मागच्या दाराच्या पायरीवर बसायचे.

आता हिच्याबद्दल. इतक्या वर्षांत ही धरणाचं पाणी बघायला एकदाही गेली नव्हती. दांडेलीला जाताना, जोयड्याला लग्नाला जाताना कुठं झाडांतून पाणी चमकलं की ही पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची. मुलं लहान असताना म्हणायची, आई, तुझं गाव दाखव ना. ही म्हणायची, "गाव असतं तर दाखवलं असतं." विषय तिथं संपायचा. मी कधी जोर केला नाही. माणसाला एखादा दरवाजा बंद ठेवायचा असेल तर ठेवू द्यावा, असं माझं मत.

पण गेल्या वर्षी एक कागद आला आणि विषय निघाला. हिचा भाऊ रामनगरच्या घरात राहतो. त्याचा मुलगा गोव्यात नोकरीला, तिथं त्यानं फ्लॅट घेतला. मेव्हण्याचे गुडघे गेलेत, वहिनींना साखरेचा त्रास, दोघंच त्या घरात. मुलगा म्हणतो, आता इकडे या. घर विकायचं ठरलं. घर आप्पांच्या नावावर, मृत्युपत्र नाही, म्हणजे 1956 च्या वारसा कायद्यानं मुलीचाही हिस्सा. हिनं हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय व्यवहार होत नाही. अशा बाबतीत बऱ्याच घरांत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बहीण-भावाची भाऊबीज बंद पडलेली मी बँकेत बसून पुष्कळ पाहिलीय. इथं तसं काही नव्हतं. मेव्हण्यानं स्वतः फोन करून सांगितलं, "अक्का, तुझा वाटा मी देणार. सही मात्र कर." ही म्हणाली, "वाट्याचं नंतर बघू." आणि मग चार महिने सहीच करेना. रामनगरहून फोन आला की ही स्वयंपाकघरात. तिकडे घेणारा घाई करत होता. मेव्हणा मला फोन करून विचारायचा, "दाजी, अक्काच्या मनात काय आहे?" मी काय सांगणार? अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही काही गोष्टी विचारायच्या कशा हे कळत नाही.

शेवटी संक्रांतीनंतर एका रात्री जेवताना हीच म्हणाली, "अहो, सही करते मी. पण आधी मला एकदा पाण्यावर घेऊन चला."

मी म्हटलं, "कुठल्या पाण्यावर?"

"कुठल्या म्हणजे? आमच्या."

मेव्हण्याच्या ओळखीनं पाण्याकाठच्या एका खेड्यात एका पोराची बोट ठरली. मासेमारीची फायबरची होडी, मागं मोटारीचं इंजिन बसवलेलं, वर ताडपत्रीची सावली. आदल्या रात्री रामनगरला मुक्काम. सकाळी वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, लसणाची चटणी असा डबा बांधून दिला. मेव्हणा आला नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं. जीप निघाली तेव्हा दारातून हिला एवढंच म्हणाला, "अक्का, आंब्याकडनं जा."

मला कळलं नाही. हिला कळलं.

काठावर पोचलो तर पाणी बरंच खाली गेलेलं. भरलेल्या पातळीपासून आताच्या पातळीपर्यंत तांबड्या मातीचा उघडा पट्टा, सगळ्या डोंगरांना सारख्या उंचीवर ओढल्यासारखा. तिथं एक तरुण जोडपं भेटलं, पुण्याचं. जवळच्या होमस्टेत उतरलेलं. मुलगी मोबाइल पुढं करून म्हणाली, "काका, आमचा एक फोटो काढाल? मागं लेक पूर्ण येऊ द्या." काढला. मग ती हिला म्हणाली, "किती शांत आहे ना इथं! तुम्ही इथलेच का?" ही म्हणाली, "होय की. मी इथलीच." आणि पाण्याकडे हात केला. त्या मुलीनं पलीकडच्या काठावरच्या घरांकडे पाहिलं, "वा, किती लकी!" म्हणाली. हिनं तिचा गैरसमज दूर केला नाही. उलट डब्यातून त्यांना दोन भाकऱ्या काढून दिल्या.

नारिंगी लाइफ जॅकेटं घातली. साडीवर ते जॅकेट घालून ही अशी दिसत होती की मला हसू आवरेना. ही म्हणाली, "हसा. बुडाल तेव्हा बघते." बोटवाला पोरगा पंचवीस-सव्वीसचा, कोकणी बोलणारा, मराठी कळणारा. त्याचा जन्म धरणानंतरचा. त्याच्या दृष्टीनं हे पाणी पूर्वीपासून आहेच.

मंडळी, खोटं कशाला बोलू, ते दृश्य फार सुंदर आहे. डोंगरांचे माथे बेटं झालेत. फेब्रुवारीतली थंडी, पाण्यावर सकाळची वाफ, आणि जंगल थेट काठापर्यंत. पाण्यातून वाळक्या झाडांची खोडं वर आलेली, राखाडी, एकेका खोडावर पाणकावळा पंख पसरून बसलेला. एका ठिकाणी धनेशाची जोडी डोक्यावरून गेली. त्यांच्या पंखांचा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू येतो, वाफेच्या इंजिनानं उसासे टाकावेत तसा. रवींद्रनाथ टागोर तरुणपणी कारवारला आपल्या भावाकडे राहिले होते. भाऊ सत्येंद्रनाथ तिथं जिल्हा न्यायाधीश. तेव्हा याच काळी नदीतून होडीनं वर जाऊन चांदण्यात परत आल्याचं त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. ती खाडीजवळची नदी. वर इथं घाटमाथ्यावर तेव्हा भातखाचरं होती आणि माझ्या हिच्या पणजोबांची गुरं.

अर्धा तास ही काही बोलली नाही. पर्स मांडीवर धरून समोर बघत होती. मी मनात म्हटलं, झालं, उगाच आणलं. मग एकदम उजवीकडच्या डोंगराकडे बोट करून म्हणाली, "ती खाच बघा. डोंगराला खाच आहे ना, तिच्यामागं सूर्य मावळायचा आमच्या. म्हणजे आपण अजून खाली आहोत. वर घे रे बाबा, वर."

पोरानं बोट वळवली. तिथून पुढं दीड तास बोट हिनं चालवली म्हटलं तरी चालेल. "डावीकडे जाऊ दे. हे बेट आहे ना, हा गुरांचा माळ. याच्या खालून ओढा. ओढ्याच्या कडेनं वाट." पोरगा माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो. एका ठिकाणी मी म्हटलं, विहीर या बाजूला होती, मला आठवतं, लग्नात मी हात धुवायला गेलो होतो. ही म्हणाली, "तुम्ही चारदा आलात. मी बावीस वर्षं पाणी शेंदलंय. विहीर तिकडे." मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर माझी अजून खात्री आहे की विहीर या बाजूलाच होती. पण पुरावा आणायचा कुठून?

पोरगा बोट सरळ नेत नव्हता. मध्येच वेग कमी करायचा, मोठा वळसा घ्यायचा, जिथं वर काहीच दिसत नव्हतं अशा पाण्यालाही. मी विचारलं तर म्हणाला, "सायबा, खाला झाडां आसात." पाणी उतरलं की बुडालेली खोडं वरच्या थराला येतात, पंखा अडकतो, होडी फाटते. कुठं कुठं खोडं आहेत ते त्याला पाठ. बापानं शिकवलेलं. वर कुठलीही खूण नसताना तो बेटांच्या टोकांवरून अंदाज धरतो.

असाच एक वळसा घ्यायला लागला तेव्हा ही म्हणाली, "थांब. इथं काय आहे?"

"मोठी खोडां. चार-पांच. रांगेन."

"पाच," ही म्हणाली. "सहावं विजेनं पडलं होतं, मी चौथीत असताना."

ती आंब्यांची ओळ होती. वाडीत शिरताना वाटेच्या कडेला पाच आंबे होते, ते मलाही आठवतात. आमच्या वऱ्हाडाच्या बैलगाड्या त्यांच्याखालीच सोडल्या होत्या. हिच्या पणजोबांनी लावलेले. नुकसानभरपाईच्या कागदात 'आंबा, नग पाच' म्हणून होते. आणि हा पोरगा, ज्यानं ना वाडी पाहिली ना आंबे, रोज जाळं टाकायला जाताना या पाच झाडांना वळसा घालून जातो.

"इंजिन बंद कर," ही म्हणाली.

इंजिन बंद झाल्यावर जी शांतता झाली ती मला शब्दांत सांगता येणार नाही. होडी हळूहळू वाहत आंब्यांच्या पलीकडे गेली. हिनं डोंगराची खाच बघितली, बेट बघितलं, हातानं काहीतरी मापल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हं. अंगण."

मला खोली जाणून घ्यायची होती. आमच्या नोकरीची सवय, कुठलीही गोष्ट आकड्यात आल्याशिवाय समाधान होत नाही. पोरानं दोरीला दगड बांधून सोडला. दोरी जातच राहिली. तळ लागल्यावर वर ओढताना त्यानं हात पसरून मोजली. वीस वाव. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं, साधारण सहा फूट. एकशेवीस फूट. बारा मजली इमारत धरा. जिथं अंतरपाट धरला होता तिथं.

मग हिनं पर्स उघडली. मला वाटलं रुमाल काढते. तिनं काढला खण, नारळ, हळदकुंकवाची पुडी, मूठभर तांदूळ. ही ओटी ती बेळगावहून घेऊन आली होती, मला पत्ता नाही. माहेरवाशीण माहेरी गेली की आई तिची ओटी भरते. लग्नानंतर त्या घरातून निघताना हिच्या आईनं भरलेली मी पाहिलीय, उंबऱ्याच्या आत उभं करून. आता ही होडीच्या कडेला वाकून पाण्याला हळदकुंकू लावत होती. मी मागून जॅकेटचा पट्टा धरून ठेवला होता. तांदूळ सोडले. खणाची घडी सोडली. ती थोडा वेळ पसरून तरंगली आणि खाली गेली. नारळ मात्र बुडेना. होडीला टेकून डुलत राहिला. हिनं हातानं दूर लोटला, तो परत आला. दोनदा झालं, तिसऱ्यांदा ही हसायला लागली. "आईचंच काम हे," म्हणाली, "घे म्हटलं की नको नको करायची." आणि मग हसता हसता रडली. फार नाही. पदरानं डोळे पुसले आणि पोराला म्हणाली, "चल बाबा. तुझं डिझेल जळतंय." इंजिन बंद होतं तरी.

तिथून आम्ही जुन्या सुप्याच्या दिशेनं गेलो. पण तिकडे धरणाची हद्द, एका ठिकाणापलीकडे होडी नेता येत नाही. लांबून भिंत दिसली, दोन डोंगरांमध्ये पाचर ठोकल्यासारखी. हिची शाळा, बाजार, कचेरी, एसटीचा थांबा, सगळं तिथं भिंतीच्या पायाशी. हिनं फार लक्ष दिलं नाही. म्हणाली, "शाळेत मला कानडीचे मास्तर रोज उभं करायचे. जाऊ दे ती शाळा."

एका बेटावर उतरून डबा खाल्ला. पोरालाही दिला. त्यानं विचारलं, "बाय, तुमचो गांव बरो आशिल्लो?" हिनं त्याला सगळं सांगितलं. पावसाळ्यात चार महिने सुप्याला जाता यायचं नाही, कुणी आजारी पडलं तर चादरीच्या झोळीतून न्यायचं, हिचा एक धाकटा भाऊ तसाच वाटेत गेला. वीज नव्हती, रात्री वाघाच्या भीतीनं गोठ्यापर्यंत जायची हिंमत व्हायची नाही. आणि नवान्नाच्या दिवशी कशी सगळी वाडी एका पंगतीला बसायची तेही सांगितलं. एवढं सगळं तिनं आमच्या मुलांना कधी सांगितलेलं नाही. मी ऐकत होतो. या सगळ्यातलं निम्मं मला पण नवीन होतं.

मी धरणाच्या विरोधातला माणूस नाही, हे इथं सांगून ठेवतो. चाळीस वर्षं पंख्याखाली आणि ट्यूबलाइटखाली बसून लेजरं लिहिली, ती वीज कुठून तरी येतच होती. पण त्या दिवशी दुपारी परत येताना गणेशगुडीला पुलावर जीप थांबवली, तेव्हा खाली राफ्टिंगवाल्यांचा आरडाओरडा चालला होता. ड्रायव्हर म्हणाला, वरचं वीजघर चालू झालं की पाणी येतं, तेव्हाच राफ्टिंग. म्हणजे कुणीतरी कुठंतरी मोटार चालू केली, मशीन चालू केलं, की इथं नदीला पाणी. ही म्हणाली, "नळाची नदी." मी यावर काही बोललो नाही, आणि अजूनही काय बोलावं ते सुचलेलं नाही.

संध्याकाळी रामनगरला पोचलो तर मेव्हणा पश्चिमेकडच्या त्या ओसरीवर, ऊन डोळ्यांवर घेत, वाट बघत बसलेला. आप्पा जिथं कधी बसले नाहीत तिथं. हिनं चपला काढता काढता सांगितलं, "पाचही आहेत रे." तो काही बोलला नाही. उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. वहिनींनी चहा टाकला.

रात्री जेवणं झाल्यावर ही म्हणाली, "कागद कर. मला वाटा नको. फक्त चौकट मला दे." मेव्हणा म्हणाला, घेणारा घर पाडून नवीनच बांधणार आहे, चौकटीचं त्याला काही नाही. पण अक्का, पैसे तू घेतलेच पाहिजेत. यावर दोघांचं तासभर भांडण झालं. अगदी लहानपणीसारखं, एकमेकांना अरेतुरे करत, मध्येच कोकणी, मध्येच मराठी. शेवटी वहिनींनी निकाल दिला की पैसे हिच्या नातीच्या नावानं ठेवायचे. ते दोघांनाही पटलं. मी निवृत्त असलो तरी ठेवीचे दर मीच सांगितले. पुढच्या आठवड्यात जोयड्याला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन सही झाली. दहा मिनिटांचं काम. तिथल्या कारकुनानं सहीच्या आधी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाच्या दबावाखाली देत नाही ना?" ही म्हणाली, "या वेळी नाही."

एप्रिलमध्ये सुतार लावून चौकट काढली. सागवान अजून टणटणीत, एका कोपऱ्याला फक्त थोडी वाळवी. मागच्या बाजूला दोन घरांच्या दोन रंगांचे थर, आत हिरवा, वर निळा. टेम्पोनं बेळगावला आली. आता अडचण अशी की ती आहे पावणेसहा फूट उंच आणि आमच्या फ्लॅटचं दार सात फुटांचं. बसवायची कुठं? सध्या चौकट खाली पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभी आहे. सोसायटीचे सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत, पण परवा विचारत होते, "काका, किती दिवस?" त्यांना ही म्हणाली, "बघते." रोज सकाळी फुलं आणायला खाली गेली की त्यातलं एक गणपतीवर ठेवून येते, आणि वॉचमनला बजावते, याच्यावर सायकली टेकवू नका.

कुणाला बेळगावात जुन्या सागवानी चौकटीला उंची वाढवून देणारा चांगला सुतार माहीत असेल तर जरूर कळवा.